बागेत काम करायला डिग्री कशाला?

(या सदराच्या लेखिका मूळच्या वाईच्या. नॉर्थ कॅरोलायनातल्या एका काउंटीच्या पार्क्स अँड रिक्रिएशन खात्यात त्या बावीस वर्षं काम करत आहेत.)

पत्र पहिलं

ताई, आम्ही नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीत राहतो. मुलगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे, जन्म इथलाच. गेले दोन उन्हाळे तिने कॉलनीच्या पूलवर लाइफगार्डचं काम केलं, आणि आता तिला पार्क्स, रिक्रिएशन अँड टुरिझम मॅनेजमेंटच शिकायचं आहे. घरात दोन महिने दुसरा विषय नाही. ह्यांचं एकच पालुपद, "बागेत काम करायला डिग्री कशाला?" माझा विरोध नाही, पण खर्चाचा अंदाज येत नाही. क्लेमसनने वर्षाला १० हजार डॉलरची स्कॉलरशिप देऊ केली आहे, त्यामुळे तिचा जीव तिथे अडकलाय. एनसी स्टेटला (म्हणजे आपल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाला) प्रवेश मिळालाय, पण सवलत काही नाही. वेस्टर्न कॅरोलायनाची ट्यूशन म्हणे वर्षाला फक्त हजार डॉलर! हे खरं का? खरं असेल तर त्यात गोम काय? आमच्या दोघांच्या पगारामुळे सरकारी मदत मिळणार नाही. कुठे घालावं?
– एक आई, कॅरी

उत्तर

आधी तुमच्या यजमानांचं बघू, कारण तो प्रश्न मला बावीस वर्षं प्रत्येक गणपतीत कुणी ना कुणी प्रसाद हातात घेऊन विचारतं.

शनिवारी ते क्रिकेटला जातात का? जात नसले तरी मॉरिसव्हिलचं चर्च स्ट्रीट पार्क त्यांना माहीत असेल. २०२३ साली मेजर लीग क्रिकेटचे सामने तिथे झाले. ते मैदान गावाच्या पार्क खात्याचं आहे. अशा मैदानावर लीगवाल्यांना कुठला शनिवार द्यायचा, पावसानंतर खेळपट्टी कुणी बघायची, गाड्या कुठे लावायच्या, शेजाऱ्यांच्या दिव्याबद्दलच्या तक्रारी कुणी ऐकायच्या, हे सगळं कुणीतरी पगार घेऊन करत असतं. गवत कापायला डिग्री लागत नाही, कबूल. पण नवीन पार्क काढायचं तर राज्याच्या पार्क्स अँड रिक्रिएशन ट्रस्ट फंडातून पैसे मागावे लागतात, आणि तिथला नियम असा की राज्य एक डॉलर देणार तर गावाने आपला एक डॉलर दाखवायचा. तो दुसरा डॉलर कुठून आणायचा, हे गावाच्या बैठकीत उभं राहून सांगावं लागतं.

माझं स्वतःचं काम आणखी बारीक. मी खेळाच्या साधनांची तपासणी करते. दोन दांड्यांमधली फट साडेतीन इंचांपेक्षा जास्त आणि नऊ इंचांपेक्षा कमी असली तर तिच्यातून पोराचं अंग निसटतं आणि डोकं अडकतं. म्हणून तशी फट दिसली की साधन बंद. झोक्याखाली लाकडाचा भुगा किती इंच उरलाय तेही मोजते, कारण पोरं पायाने तो रोज उकरतात. एकदा आमच्या आईला सोबत घेऊन गेले होते. मी घसरगुंडीखाली पट्टी घेऊन बसलेली बघून ती म्हणाली, "एवढं शिकून हे?" हो, एवढं शिकूनच हे.

आता पैसे. तुमच्या तीन नावांपुढे मी जे आकडे लिहिते ते वर्षाचे आणि गोळाबेरीज आहेत. दरवर्षी थोडे हलतात. (भारतातल्या वाचकांसाठी: इथे ट्यूशन म्हणजे संध्याकाळची शिकवणी नव्हे, कॉलेजचं शिक्षणशुल्क.)

क्लेमसन साउथ कॅरोलायनात, म्हणजे तुम्ही तिथे बाहेरच्या. ट्यूशन आणि फी मिळून चाळीस हजारांच्या आसपास. दहा हजारांची स्कॉलरशिप वजा केली तरी तीस उरतात. चार वर्षांचे एक लाख वीस हजार, आणि यात अजून खोली नाही, जेवण नाही. कॉलेज उत्तम आहे, या विषयात नाव मोठं आहे, पण स्कॉलरशिपच्या पत्रावर लिहिलेली रक्कम ही तुमची बचत नसते. दुकानदार आधी किंमत चढवतो आणि मग "तुमच्यासाठी म्हणून" सूट देतो, ते तुळशीबागेत आपल्याला कळतं. इथे सोनेरी शिक्का बघितला की कळेनासं होतं.

एनसी स्टेटला तुम्ही घरच्या. ट्यूशन-फी साधारण नऊ हजार. इथे आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. २०१६ पासून आपल्या राज्याच्या विद्यापीठांत घरच्या विद्यार्थ्याची ट्यूशन सलग आठ सेमिस्टर वाढत नाही. सलग हा शब्द महत्त्वाचा. मुलीने मध्येच विषय बदलला आणि नववं सेमिस्टर लागलं, की ते कवच गेलं.

वेस्टर्न कॅरोलायनाबद्दल ऐकलंत ते खरं आहे. एनसी प्रॉमिस नावाची राज्याची योजना २०१८ मध्ये तीन विद्यापीठांत सुरू झाली, पुढे २०२२ मध्ये फेएटव्हिल स्टेट चौथं आलं. घरच्या विद्यार्थ्याला सेमिस्टरला ५०० डॉलर, बाहेरच्याला २५००. उरलेलं राज्य भरतं. गोम म्हणाल तर एवढीच की ही फक्त ट्यूशन आहे. फी वेगळी, ती ट्यूशनच्या तिप्पट होते. आणि हे विद्यापीठ ज्या गावात आहे ते कुलोव्ही तुमच्या घरापासून जवळपास पाच तासांवर, म्हणजे खोली आणि मील प्लॅन आलाच. त्याचे बारा हजारांच्या आसपास धरा.

आता बेरीज करून बघा. वेस्टर्न कॅरोलायना: चार हजार अधिक बारा, सोळा. एनसी स्टेट: नऊ हजार, आणि मुलगी कॅरीतून घरूनच जाऊन-येऊन राहिली तर वर पेट्रोल, पार्किंग, पुस्तकं. बारापर्यंत पोचाल. हजार डॉलरवाल्या कॉलेजपेक्षा नऊ हजारवालं स्वस्त पडलं! पण ती घरी राहायला तयार असेल तरच. सतरा वर्षांची पोरगी आहे, तिला विचारा. डॉर्ममध्येच राहायचं म्हणाली तर गणित उलटतं आणि कुलोव्ही पुढे जातं. शिवाय तिथे स्मोकी माउंटन्स दाराशी आहेत. जंगलातल्या वाटा, कॅम्पिंग असलं काम तिला आवडत असेल तर त्याची किंमत आकड्यात नाही लिहिता येणार. पूल, कम्युनिटी सेंटर, शहरातली मैदानं आवडत असतील तर रॅली शहरातलं एनसी स्टेट बरं. लाइफगार्ड होती म्हणता, म्हणजे मला वाटतं ती दुसऱ्या गटातली. पण हा माझा अंदाज.

तुमच्या पत्रात नाही तो खर्च मी सांगते, कारण मी त्यात पोळले आहे.

या पदवीत शेवटी इंटर्नशिप करावीच लागते. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांत ती किमान ४०० तासांची असते. हे तास क्रेडिटमध्ये मोजले जातात, आणि क्रेडिट म्हटलं की ट्यूशन. म्हणजे तुम्ही कॉलेजला पैसे भरता आणि काम दुसरीकडे करता. ते दुसरं ठिकाण पगार देईलच असं नाही. मी १९९७ ला लग्न करून इथे आले तेव्हा साताऱ्याची बी.कॉम. होते. कम्युनिटी सेंटरवर टेबल टेनिसच्या बॅटा वाटायचं अर्धवेळ काम धरलं, ते आवडलं, म्हणून रात्रीच्या वर्गांना बसले. आधी कम्युनिटी कॉलेज, मग विद्यापीठ, अशी सहा वर्षं. सगळं टुकीने केलं. आणि शेवटच्या उन्हाळ्यात एका गावाच्या पार्क खात्याने मला बिनपगारी घेतलं. रोज जाऊन-येऊन ऐंशी मैल. ऑगस्टमध्ये अर्धवेळ नोकरी सुटली कारण दोन्हीकडे वेळ पुरेना. नवरा म्हणाला, "पैसे देऊन कामाला जाणारी पहिलीच बाई बघतोय." त्या एका उन्हाळ्याचं कर्ज फेडायला मला दोन वर्षं लागली, आधीच्या पाच वर्षांचं काहीच नव्हतं.

तेव्हा तिन्ही कॉलेजांच्या विभागाला फोन करा (मुलीलाच करू द्या, तिच्या धंद्यात फोनवर बोलावं लागतं) आणि विचारा: गेल्या वर्षी किती मुलांना पगारी इंटर्नशिप मिळाली? कुठे मिळाली? ती किती क्रेडिटची आणि उन्हाळ्यातली असेल तर त्या क्रेडिटचा दर काय? बाहेरच्या विद्यार्थ्याला तीही बाहेरच्याच दराने पडते. उत्तर द्यायला जो विभाग अडखळेल, त्याची बाकीची माहितीपत्रकं मी तरी बाजूला ठेवीन. आमच्या खात्यात इंटर्नला आम्ही तासाप्रमाणे पैसे देतो, पण जागा दोन आणि अर्ज चाळीस. पहिली चाळणी कसली लागते सांगू? पूलवर, समर कॅम्पवर आधी काम केलंय का. तुमच्या मुलीचे दोन उन्हाळे इथे कामाला येतील.

मान्यतेचंही बघा. या विषयाची वेगळी मान्यता परिषद आहे, सीओएपीआरटी म्हणतात तिला. तिची यादी तिच्याच संकेतस्थळावर बघायची, कॉलेजच्या रंगीत पत्रकावर नाही. मान्यताप्राप्त पदवी असली तर सीपीआरपी हे व्यावसायिक प्रमाणपत्र मिळवायची परीक्षा लगेच देता येते. वेगळ्याच विषयाची पदवी असली तर आधी काही वर्षं नोकरी करावी लागते. मोठ्या पदांच्या जाहिरातीत हे प्रमाणपत्र मागतात. पहिल्या नोकरीत सहसा नाही.

आणि एक चौथा रस्ता, जो तुमच्या यादीत नाही कारण आपल्या लोकांना त्याचं नाव घ्यायला लाज वाटते. वेक टेक, तुमच्या भागातलं दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज. आपल्या राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजात घरच्या विद्यार्थ्याला क्रेडिटला ७६ डॉलर पडतात. साठ क्रेडिट म्हणजे दोन वर्षांचे ४५६० डॉलर, आणि विद्यापीठांशी करार असल्यामुळे ती पुढे धरली जातात. फक्त कुठला कोर्स घ्यायचा ते एनसी स्टेटच्या विभागाला विचारून ठरवा, नाहीतर क्रेडिट धरलं जातं पण पदवीच्या कामाचं नसतं. शेवटी पदवीवर नाव विद्यापीठाचंच येतं. गणपतीत कुणी विचारलंच तर "एनसी स्टेट" सांगायचं. मी कुणाला सांगायला येत नाही.

कर्जाबद्दल माझा ठोकताळा: चार वर्षांत मिळून पहिल्या वर्षाच्या पगारापेक्षा जास्त कर्ज नको. रिक्रिएशनमध्ये काम करणाऱ्यांचा मधला पगार देशभरात पस्तीस हजारांच्या आसपास आहे. त्यात अर्धशिक्षितही आले. आमच्याकडे नवीन पदवीधर पंचेचाळीसच्या आसपास सुरू होतो. विमा, पेन्शन चांगलं. पण एक लाख वीस हजार यातून फिटत नाहीत. सॉफ्टवेअरवाल्याच्या पगाराचा चष्मा लावून हा हिशेब करू नका. तुम्ही दोघं मिळून भरणार असाल, मुलीवर कर्ज टाकणार नसाल, तर क्लेमसनला पाठवा, कुणाची हरकत नाही. मात्र "स्कॉलरशिप मिळाली म्हणून" पाठवू नका.

पत्र दुसरं

ताई, मी नाशिकचा. बी.एस्सी. बॉटनीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या ग्रुपसोबत शनिवार-रविवार हरिहर, कळसूबाई, रतनगडला लोकांना घेऊन जातो. मला अमेरिकेत पार्क मॅनेजमेंटमध्ये मास्टर्स करायचं आहे. इथल्या एका एजंटने सांगितलं की नंतर नॅशनल पार्कमध्ये रेंजरची नोकरी लागते. एकूण ४० लाख लागतील. बाबा शेतजमीन तारण ठेवायला तयार आहेत. कुठलं विद्यापीठ स्वस्त पडेल?
– एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर

तुला विद्यापीठाचं नाव हवं आहे, आणि मी आधी दुसरंच सांगणार आहे. रागावू नकोस.

नॅशनल पार्क सर्व्हिस हे अमेरिकेच्या केंद्र सरकारचं खातं आहे, १९१६ सालचं. त्याच्या नोकरीला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. विद्यार्थी व्हिसावर आलेल्या माणसाला ती टोपी मिळत नाही, मग पदवी कुठलीही असो. शिवाय २०२५ च्या फेब्रुवारीत त्या खात्याने नव्याने घेतलेल्या सुमारे हजार लोकांना एका झटक्यात काढलं, ते सगळे इथलेच नागरिक होते. एजंटला हे माहीत नसेल तर त्याने धंदा बदलावा. माहीत असून त्याने सांगितलं नसेल तर तू एजंट बदल.

राज्यांची पार्क्स, काउंटी, खाजगी कंपन्या घेऊ शकतात. पण शिक्षण संपल्यावर काम करायची परवानगी, ओपीटी, तुला बारा महिनेच मिळेल. कॉम्प्युटरवाल्यांना वरची चोवीस महिन्यांची वाढ मिळते ती या विषयाला नाही. त्यानंतर एचवन-बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत. माझ्या बावीस वर्षांत आमच्या खात्याने त्यासाठी अर्ज केलेला मी एकही पाहिला नाही. खातं वाईट नाही, पण चाळीस स्थानिक अर्ज दारात असताना वकिलाचा खर्च कोण करणार?

आता चाळीस लाख. अकरा टक्क्यांनी दहा वर्षांचं कर्ज घेतलंस तर हप्ता महिन्याला पंचावन्न हजारांच्या घरात जातो. अमेरिकेतले बारा महिने संपून तू नाशिकला परतलास तर तो हप्ता रुपयातल्या पगारातून भरायचा आहे. शेत बाबांचं, पण ते त्यांच्या बाबांनी ठेवलेलं असणार, हेही एकदा मनात आणून बघ.

यायचंच असेल तर एकाच अटीवर ये: विद्यापीठाने असिस्टंटशिप दिली पाहिजे, म्हणजे ट्यूशन माफ आणि वर दरमहा थोडे पैसे. क्लेमसन, एनसी स्टेट, पेन स्टेट, युटा विद्यापीठ अशा ठिकाणी या विषयात संशोधन चालतं. त्यासाठी एजंट नको, प्राध्यापकाला स्वतः पत्र लिहायचं. हरिहरच्या पायऱ्यांवर रविवारी किती गर्दी होते, माणसं कुठे अडकतात, कचरा कुठे साठतो, हे तू डोळ्यांनी बघतोस. पुढचे सहा महिने ते वहीत मोजून लिहून काढ. अशा नोंदी घेऊन आलेला विद्यार्थी प्राध्यापकाला हवाच असतो. आणि तुझी पदवी तीन वर्षांची आहे. काही विद्यापीठं चार वर्षांची मागतात, हे आधीच विचारून घे, नाहीतर अर्जाची फी फुकट जाते.

तिकडेही कमी नाही रे. बॉटनीच्या पदवीवर महाराष्ट्र वनसेवेची परीक्षा देता येते. तीही रेंजरचीच वाट, फक्त टोपी वेगळी. डेहराडूनची वन्यजीव संस्था आहे, भोपाळची वन व्यवस्थापन संस्था आहे. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा बेसिक कोर्स केला नसशील तर तो या सगळ्याच्या आधी कर. राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलंय, त्यात ट्रेक नेणाऱ्यांची नोंदणी आहे. तुमच्या ग्रुपची झाली आहे का? नसेल तर लोकांना दोरावर चढवताना तुमच्यावर किती जबाबदारी येते ते कुणाला तरी विचारून ठेव. मी तपासणी करणारी बाई, माझं लक्ष तिकडेच आधी जातं.

पत्र तिसरं

मुलाला रिक्रिएशन मॅनेजमेंटसाठी ॲरिझोनाला जायचं आहे. आम्ही फ्रीमॉंटला. बाहेरच्या राज्याची फी परवडेल का?
– एक वडील, कॅलिफोर्निया

उत्तर

पूर्ण दराने नाही. पण डब्ल्यूयूई नावाची पश्चिमेकडच्या राज्यांची आपसातली व्यवस्था आहे, तिच्यात बाहेरच्या विद्यार्थ्याला तिथल्या घरच्या दराच्या जास्तीत जास्त दीडपट ट्यूशन लागते. फ्लॅगस्टाफचं नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठ या व्यवस्थेत आहे आणि ग्रँड कॅन्यन तिथून दीड तासावर, म्हणून पोराची ओढ मला कळते. हवा तो विषय त्या सवलतीत बसतो का आणि आपण त्यात बसतो का, हे विद्यापीठाकडून लेखी घ्या.

त्याआधी घराजवळ बघा. कॅल स्टेट या तुमच्या राज्याच्या विद्यापीठसमूहाची ट्यूशन २०२५-२६ ला ६४५० डॉलर आहे, वर कॅम्पसची फी. ती दरवर्षी वाढते आहे हे धरून चाला. सॅन होजे स्टेटला रिक्रिएशनची पदवी आहे आणि तुमच्याकडून ते रोज जाण्यायेण्याच्या अंतरावर. घरी राहायचं नाही म्हणाला तर सॅक्रामेंटो, आणि डोंगर-जंगलच हवं म्हणाला तर हम्बोल्ट, रेडवुडच्या झाडांजवळ. तिन्ही घरच्याच दरात. मग ॲरिझोनाला सुट्टीत तंबू घेऊन जाऊ दे.